मोठी चिप घेण्यापूर्वी

वाचकहो, हल्ली आपल्या बेटावरची मुले वाढदिवसाला बोर्ड मागतात. हा बोर्ड म्हणजे शाळेतला फळा नव्हे. तळहातावर मावेल अशी हिरवी किंवा निळी पट्टी, तिच्यावर एक काळी चिप आणि कडेला पिनांच्या रांगा. ह्या चिपला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. कपडे धुण्याच्या यंत्रात, टेलिव्हिजनच्या रिमोटमध्ये, मोटारीच्या दारातसुद्धा तिचीच भावंडे बसलेली असतात. संगणकाप्रमाणे शंभर कामे ती करीत नाही. तिला एकच काम शिकवायचे आणि वीज असेतो तिने ते करीत राहायचे.

पहिला बोर्ड येतो, दिवा लुकलुकतो, घरातले सगळे कौतुक करतात. सहा महिन्यांनी तेच चिरंजीव किंवा तीच कन्या पुन्हा येऊन सांगते, "बाबा, हा बोर्ड कमी पडतो, ह्याहून ताकदवान घ्या." आईवडील मग आमच्याकडे येतात. आमचा विषय मराठी. पण शाळेच्या विज्ञान क्लबच्या खोलीची किल्ली काही वर्षांपूर्वी आमच्या हाती आली आणि ती परत घ्यायला कोणी आलेच नाही. त्यामुळे मुलांबरोबर आम्हीही शिकलो, आणि अनेकदा त्यांच्या मागून शिकलो.

कोणता बोर्ड घ्यावा ह्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत सांगतो.

हा मुलगा आपल्या आजीजवळ राहतो. त्यांच्या भागात ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या कोरड्या दिवसांत नळाला पाणी ठराविक तासच येते. गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे. टाकीत किती पाणी उरले हे पाहायला आजी शिडी चढायच्या. एकदा पाय घसरला, नशिबाने हाडे शाबूत राहिली. त्या दिवशी मुलाने ठरवले की टाकीला डोळा बसवायचा.

त्याने आर्डुइनो जातीचा लहान बोर्ड घेतला. आर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी विद्यार्थ्यांसाठी झाला. २०१० साली त्याचा उनो नावाचा बोर्ड निघाला आणि जगभरच्या शाळांत पोचला. उनोवर आणि त्याच्या धाकट्या नॅनोवर एटीमेगा ३२८ पी नावाची चिप असते. मुलाने टाकीच्या झाकणाखाली आवाजाने अंतर मोजणारे यंत्र लावले. ते आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज पाण्यावर सोडते आणि प्रतिध्वनी किती वेळाने परत आला ते सांगते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तेव्हा एक मीटर खालच्या पाण्यावरून तो सुमारे ६ मिलिसेकंदांत परततो. वेळ कळला की अंतर कळले, अंतर कळले की पाणी कळले. स्वयंपाकघरात लहानसा पडदा लावला. आजी लहानपणी संध्याकाळच्या बैठकेत देवनागरी शिकलेल्या, म्हणून नातवाने आकड्यांखाली मराठी शब्द दाखवले: टाकी भरली, अर्धी आहे, पाणी संपत आले.

शेजाऱ्यांनी ते पाहिले. एका मावशींनी मागितले, मग दुसऱ्या घरी लागले. पाहता पाहता पाच घरे झाली आणि मुलगा थोडे पैसेही घेऊ लागला. घोटाळा तिथून सुरू झाला. पडदा मधूनच थिजायचा. कुठे दोन दिवसांनी, कुठे आठवड्याने. एका मावशींच्या पडद्यावर दोन दिवस "टाकी भरली" असेच दिसत राहिले आणि धुणे अर्धे झाले असताना नळ कोरडा पडला. घरातली नात अंगणातून ओरडत आली, "पेना दिलो!" त्या मावशींनी पैसे परत मागितले नाहीत, पण मुलाला ते अधिक लागले.

तो आमच्याकडे आला तो ठरवूनच. "गुरुजी, ही चिप दुबळी आहे. टीन्सी ४.० मागवतो." २०१९ साली आलेल्या ह्या बोर्डाची गती ६०० मेगाहर्ट्झ आहे आणि त्यावर एक मेगाबाइट रॅम आहे. नॅनोची गती १६ मेगाहर्ट्झ. बैलगाडी सोडून विमान घेतो म्हणण्यासारखेच ते.

आम्ही म्हटले, "मागव, पण तुझ्या चिपला कमी काय पडते ते आधी सांग." त्याला सांगता आले नाही. खरे म्हणजे आम्हांलाही नाही. म्हणून वही घेऊन बसलो.

आधी गती पाहिली. १६ मेगाहर्ट्झची ही चिप सेकंदाला दीड कोटीच्या आसपास साध्या आज्ञा पार पाडते. टाकी दर दहा सेकंदांनी मोजायची. एका मोजणीला आणि पडद्यावर आकडा काढायला लागणारा वेळ सेकंदाचा लहानसा हिस्सा. उरलेला सगळा वेळ चिप रिकामी बसून असते. तिला सदतीस पटींनी वेगवान केले तर ती सदतीस पटींनी वेगाने रिकामी बसेल. पिनाही पुरून उरत होत्या.

मग स्मृती पाहिली, आणि इथे थांबावे लागले. ह्या चिपमध्ये दोन प्रकारची स्मृती असते, आणि घरातल्या गृहिणीला ती चटकन समजेल. फ्लॅश म्हणजे फडताळ: प्रोग्राम तिथे ठेवलेला असतो, वीज गेली तरी राहतो. रॅम म्हणजे ओटा: काम चालू असताना जे हाताशी लागते ते त्यावर मांडायचे, वीज गेली की ओटा पुसला. एटीमेगामध्ये फडताळ ३२ किलोबाइटचे आहे, ओटा मात्र २ किलोबाइटचा, म्हणजे २०४८ बाइट.

मुलाच्या पडद्यावर आडवे १२८ आणि उभे ६४ ठिपके आहेत. प्रत्येक ठिपक्याला एक बिट धरले तर पडद्याच्या चित्राला १०२४ बाइट लागतात. अर्धा ओटा तिथेच गेला. आता मराठी शब्द. त्या पडद्याला देवनागरी येत नाही, म्हणून मुलाने तीन वाक्यांची तीन चित्रे स्वतः काढली होती, प्रत्येक १२८ गुणिले १६ ठिपक्यांचे. एक चित्र २५६ बाइट, तीन मिळून ७६८. दोन्हींची बेरीज १७९२. संगणकाशी बोलण्यासाठी राखलेल्या जागेचे आणखी १२८ धरा. उरले १२८ बाइट, आणि तेवढ्यात चिपने बाकी सगळा स्वयंपाक करायचा! संदेश जोडायला जागा मागितली की भांडे भांड्यावर चढायचे. अशा वेळी ही चिप ओरडत नाही, घंटा वाजवीत नाही. एखादा आकडा पुसला जातो, आणि केव्हातरी ती गप्प होते.

पण प्रोग्राम चढवताना संगणक तर रॅम किती वापरली ते सांगतो, मग कळले कसे नाही? आम्हांलाही हाच प्रश्न पडला. उत्तर असे की, त्याने वापरलेल्या लायब्ररीत पडद्याचे १०२४ बाइट प्रोग्राम सुरू झाल्यावर मागितले जातात, म्हणून आधीच्या हिशेबात ते येत नाहीत. संगणक सांगत होता की ओटा जेमतेम निम्मा भरला आहे, आणि प्रत्यक्षात तो काठोकाठ होता. छापील बिलात टपालखर्च धरलेला नसावा तसे झाले.

उपाय निघाला तो फुकटचा. तिन्ही चित्रे कधी बदलत नाहीत, म्हणून ती ओट्यावर हवीत कशाला? प्रोग्राममध्ये त्यांच्यापुढे एक शब्द लिहिला की ती फडताळातच राहतात आणि लागतील तेव्हा तिथूनच वाचली जातात. ७६८ बाइट मोकळे झाले. संदेशाचे तुकडे जोडून नवे संदेश बनवणेही त्याने बंद केले, कारण त्या जोडकामाने ओट्यावर मधेमधे मोकळ्या फटी राहतात आणि मोठे भांडे कुठेच मावत नाही. शिवाय चिपमध्ये पहारेकरी घड्याळ असते, ते चालू केले: चिप गप्प झाली तर ते घड्याळ तिला पुन्हा सुरू करते. पाचही घरांतले पडदे त्यानंतर थिजले नाहीत. आजींचे मराठी शब्द जसेच्या तसे राहिले, ह्याचा आम्हांला विशेष आनंद झाला. कारण मुलगा आधी तेच काढून टाकून फक्त आकडे ठेवायच्या विचारात होता.

म्हणजे मोठी चिप कधी घेऊच नये काय? तसे नाही. त्याच वर्षी एका भजन मंडळीतल्या तरुणाने हार्मोनियमचा सूर तपासणारे यंत्र करायला घेतले. माइकमधून आलेला आवाज गणिताने उलगडून त्यात कोणकोणते स्वर आहेत हे शोधायचे. त्यासाठी आवाजाचे १०२४ नमुने घ्यावे लागतात, आणि दशांश आकड्यांत हिशेब मांडला तर ८ किलोबाइट जागा लागते. उनोच्या सगळ्या ओट्याच्या चौपट. पुन्हा एटीमेगा ८ बिटांची चिप. दशांश आकड्यांचा गुणाकार तिला लहान मुलाने बोटे मोजावीत तसा तुकड्यातुकड्यांनी करावा लागतो. इथे काटकसर करून भागत नाही. इथे ३२ बिटांची आणि दशांश गणिताचा वेगळा भाग असलेली चिप हवी, आणि टीन्सी ४.० हे त्या कामाला योग्यच उत्तर आहे. आमच्या विद्यार्थ्याने जे विमान टाकीसाठी मागवले असते ते ह्या तरुणाने सुरासाठी मागवले, आणि दर येताक्षणी द्यायच्या वीस-पंचवीस डॉलरांचे त्याचे चीज झाले.

टाकीकडे परत येतो, कारण पुढे त्या मुलालाही चिप बदलावी लागलीच, पण निराळ्या कारणाने. दिवसभर कामाला जाणाऱ्या लोकांना घरातला पडदा काय कामाचा? त्यांनी विचारले, टाकी रिकामी होत आली तर मोबाईलवर कळेल का? ह्याला वायफाय हवे, आणि ते एटीमेगात नाही. ह्या वेळी कमी काय पडते ते त्याला एका शब्दात सांगता आले, आणि निवड अर्ध्या तासात झाली.

त्याच्यापुढे मुख्यतः दोन नावे होती. पहिले ईएसपी ३२, शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीचे, २०१६ साली आलेले. वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही अंगचेच, दोन गाभे, २४० मेगाहर्ट्झपर्यंत गती, ५२० किलोबाइट रॅम. दुसरे रास्पबेरी पाय पिको, ब्रिटनचे, जानेवारी २०२१ मध्ये चार डॉलरला निघालेले. त्यावरच्या आरपी २०४० चिपमध्येही दोन गाभे आहेत, गती १३३ मेगाहर्ट्झ, रॅम २६४ किलोबाइट. त्याचे वायफायवाले भावंड २०२२ मध्ये आले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पिको २, ज्यात रॅम ५२० किलोबाइट झाली आणि दशांश गणिताचा भागही आला. नवशिक्या मुलासाठी आम्ही पिकोच सुचवतो. त्याची माहितीपुस्तिका स्वच्छ इंग्रजीत लिहिलेली आहे, आणि मायक्रोपायथन भाषेत त्याला शिकवणे सोपे जाते. ज्याला फक्त थोडी अधिक जागा हवी आहे आणि जुन्या तारा तशाच ठेवायच्या आहेत, त्याच्यासाठी आर्डुइनोनेच २०२३ मध्ये उनो आर४ काढला. ३२ किलोबाइट रॅम, ४८ मेगाहर्ट्झ, आणि जुन्या उनोसारखीच ५ व्होल्टची राहणी.

हे ५ व्होल्टचे प्रकरण विसरू नये, कारण चिपा त्यावरच जळतात. ईएसपी ३२ आणि पिको ३.३ व्होल्टवर जगतात. टाकीवरचे मोजणी यंत्र ५ व्होल्टचा प्रतिध्वनी पाठवते. तो सरळ नव्या चिपच्या पिनेत सोडला तर ती लगेच मरते किंवा कुरकुरत थोडे दिवस काढते. दोन रोधक, एक एक हजार ओहमचा आणि एक दोन हजार ओहमचा, असे जोडले की पाचाचे सव्वातीनच्या आसपास होतात. पाच-दहा सेंटांची वस्तू. आमच्या क्लबच्या खोलीत एका डबीत तीन मेलेल्या चिपा जपून ठेवल्या आहेत. तिन्ही ह्या दोन रोधकांच्या अभावी गेल्या आणि त्यातली एक आमच्या हातून गेली.

मुलाने ईएसपी ३२ घेतली, कारण तिची लहान मोड्यूले तयार मिळतात: चिप, स्मृती आणि अँटेना एका पत्र्याच्या टोपीखाली बसवून कारखान्यात तपासलेली. ज्याला वस्तू विकायची आहे त्याने सुटी रेडिओ चिप घेऊन अँटेना स्वतः काढायच्या फंदात पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र ताकद आली की लहरीही येतात. ह्या चिपच्या काही पिना फक्त ऐकतात, बोलत नाहीत. काही पिनांना मोजमाप येते, पण वायफाय चालू असताना नाही. बारा नंबरच्या पिनेवर सुरुवातीच्या क्षणी व्होल्टेज असेल तर बोर्ड उठतच नाही. मुलाचे दोन शनिवार त्यातच गेले. आणि नाव पाहून मागवणाऱ्यांनी सावध राहावे. ईएसपी ३२ च्या पुढे एस२, एस३, सी३ अशी अक्षरे येतात, ती शोभेची नव्हेत. एस२ मध्ये ब्लूटूथ नाही, सी३ मध्ये एकच गाभा आहे, आणि एच२ मध्ये तर वायफायच नाही!

खरी परीक्षा विजेची झाली. चक्रीवादळाच्या दिवसांत वीज जाते, आणि नेमके तेव्हाच टाकीत किती पाणी आहे हे माणसाला जाणून घ्यायचे असते. म्हणून यंत्र बॅटरीवर चालायला हवे होते. वायफाय सतत चालू ठेवले तर ही चिप सरासरी १०० मिलिअँपिअरच्या घरात वीज पिते. २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी वीस तासांत संपली. वीस तासांत वादळसुद्धा धड ओसरत नाही. मग वहीत पुन्हा हिशेब. टाकी काही क्षणाक्षणाला रिकामी होत नाही. दर पंधरा मिनिटांनी चिपने जागे व्हावे, पाच सेकंदांत मोजून निरोप पाठवावा आणि गाढ झोपावे. जागेपणी १२० मिलिअँपिअर धरले तर सरासरी पाऊण मिलिअँपिअरहूनही कमी पडते, आणि तीच बॅटरी कागदावर चार महिने चालते. कागदावर म्हटले, कारण चिप झोपली तरी तयार बोर्डावरचे विजेचे नियंत्रक आणि यूएसबीचा भाग जागेच असतात. म्हणून त्याने तयार बोर्ड सोडून फक्त मोड्यूल वापरले. सध्या त्याची बॅटरी पाच-सहा आठवडे जाते. बाकीची वीज कुठे गळते ते तो शोधतो आहे.

सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, आणि बेटावर राहणाऱ्याने ती विशेष ध्यानात ठेवावी. २०२१ साली जगात चिपांचा तुटवडा पडला होता. एसटीएम ३२ नावाच्या उत्तम चिपांची किंमत अनेक पटींनी चढली, आणि पुरवठादार वर्षभराची मुदत सांगू लागले. स्वस्त बोर्डांवर त्याच नावाच्या नकली चिपाही येऊ लागल्या. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी कोंबड्यांच्या खुराड्याचे तापमान सांभाळणारे यंत्र अशाच एका चिपेवर बांधले होते. दहा गिऱ्हाइकांचे आगाऊ पैसे घेतलेले, आणि चिप मिळेना. शेवटी सगळे सर्किट दुसऱ्या चिपेसाठी नव्याने आखावे लागले, आणि वर्षाची मिळकत त्यात गेली. पॅरिसला किंवा मुंबईला बसलेला माणूस दुसऱ्या दुकानात जातो. आपण पार्सलाची वाट पाहतो. म्हणून चिप किती वेगवान हे विचारताना, तिच्यासारखी दुसरी आठ वर्षांनी मिळेल काय हेही विचारावे. आरपी २०४० निदान जानेवारी २०४१ पर्यंत बनवत राहू असे तिच्या कंपनीने जाहीर केले आहे. असे लेखी आश्वासन दिसले तर त्याला आम्ही थोड्या मेगाहर्ट्झांहून अधिक मोल देतो.

आईवडिलांना एवढेच सुचवावेसे वाटते की मूल मोठा बोर्ड मागू लागले तर रागावू नका, लगेच पाकीटही काढू नका. त्याला कागदावर लिहायला सांगा: रॅम किती लागते, किती पिना, सेकंदाला किती मोजण्या, वायफाय हवे की नको, वीज कुठून येणार. ज्या आकड्याला जुना बोर्ड पुरा पडत नाही त्याभोवती गोल काढायला सांगा. गोल निघाला तर बोर्ड घ्या, आणि घ्याल तेव्हा एक नव्हे दोन घ्या. एक जळणारच आहे.

आमच्या विद्यार्थ्याने गेल्या महिन्यात दहा मोड्यूले मागवली. सात यंत्रांसाठी, तीन डब्यात ठेवायला. ऑक्टोबरात ती घरोघरी लागतील. त्या पडदा थिजलेल्या मावशींचे घर पहिले, आणि त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत असे त्याने ठरवले आहे. आजींच्या स्वयंपाकघरात मात्र जुना नॅनोच आहे. त्यांना मोबाईलवर निरोप नको आहेत. पडद्यावर "पाणी संपत आले" असे दिसले की त्या नातवाला हाक मारतात, आणि शिडी आता कुलपात आहे.